हाड शाबूत आहे

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्याच तासाला सांगते, हाडाचं कौतुक पुरे करा. हाड मोडलं तर जुळतं, स्नायू एकदा मेला की मेला. मुलं माना डोलवतात आणि परीक्षेला पुन्हा हाडांचीच नावं घोकून येतात. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी शरीररचना शिकवते, त्यामुळे पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला सवय आहे. ओरडायचीही आहे. माझ्या पाठीमागे मुलं म्हणतात, राही मॅडम कडाडल्या. म्हणेनात का.

पण खरोखर कडाडायची वेळ आली ती शिमग्यात, आमच्या घरच्या अंगणात, आणि समोर माझा सख्खा धाकटा भाऊ होता.

आमची वाडी संगमेश्वरापासून आत. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. गेल्या वर्षी ऐन शिमग्याच्या तोंडावर बाबा गेले, घरात सुतक, त्यामुळे पालखी दारावरून तशीच पुढे गेली. आई तेव्हा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्यानंतर पावसाळ्यात तीही गेली. यंदा घरचा कर्ता म्हणजे सदू. त्याने ठरवलं होतं, यंदा आईची, म्हणजे देवीची, पालखी टेकायला अंगणात जांभ्या चिऱ्यांचा नवा चौथरा बांधायचा. सुपारीपासून खणापर्यंत सगळं आणून ठेवलं आणि चौथरा मात्र ठेवला शेवटच्या सकाळवर. आमच्या घरात सगळं असंच.

त्या दिवशी मी दुपारच्या एसटीने निघणार होते. त्याआधीच नम्रताचा, म्हणजे सदूच्या बायकोचा, फोन आला.

"वन्सं, ह्यांच्या पायावर चिऱ्यांची थप्पी कोसळली. पाय मधेच अडकलेला, चौघांनी ओढून काढला. पण घाबरू नका. संगमेश्वरला नेऊन एक्सरे काढून आणला. हाड शाबूत हाय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, सूज बघायची हाय, चार तास हिकडंच झोपवा. पण पालखी देवळातून निघायची वेळ झाली होती. काका म्हणाले, हाड शाबूत हाय ना, मग बसून काय करायचं?"

कपाळ माझं! मी अंगावर होती त्या साडीवर स्टँड गाठलं.

आमच्या गावात एक रीत आहे. पालखी देवळाबाहेर पडली की ज्या घरी ती यायची त्या घरच्या कर्त्याने गावची शीव ओलांडायची नाही. ती येईल, अंगणात नाचेल, कर्ता तिला खांदा देईल, गाऱ्हाणं होईल, मग पाहिजे तिथे जा. मुंबईहून आलेले लोक रजा संपली तरी त्यासाठी थांबतात. तेव्हा डॉक्टरने झोपवलेला माणूस उठवून आणणं काकांना मुळीच चूक वाटलं नव्हतं. उलट वेळेत परत आणला याचाच त्यांना आनंद.

मी पोचले तेव्हा सदू माजघरात आडवा होता. पायाखाली तीन उशा, पाय छपरापर्यंत. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत निरगुडीचा पाला, त्यावर आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली, आणि नम्रता वरून गरम विटेचा शेक देत होती. बिचारीने जेवढं माहीत तेवढं सगळं केलं होतं, आणि त्यातलं एकही करायला नको होतं.

"शेक बंद कर आधी! कात्री आण."

"अहो वन्सं, काकांनी बांधलंय…"

"कात्री आण म्हणते ना!"

पट्टी कापली, उशा काढल्या, पाय जमिनीबरोबर ठेवला. नडगीच्या बाहेरच्या बाजूची कातडी चकचकीत ताणलेली होती. बोट दाबलं तर रुतेना, फणसाच्या लाकडावर दाबावं तसं. मी त्याच्या पायाचा अंगठा धरला आणि अगदी हळू खाली वाकवला. सदू असा ओरडला की बाहेर अंगणात बोलणारी माणसं गप्प झाली. लहानपणी करवंदीच्या जाळीत पडून सगळं अंग सोलून आला होता तेव्हाही हा पोरगा हूं की चूं बोलला नव्हता.

 जे मी फळ्यावर काढून दाखवते ते इथे माझ्या भावाच्या पायात चाललं होतं.

गुडघ्याखालचा पाय म्हणजे दोन हाडं आणि त्यांच्याभोवती स्नायूंचे चार कप्पे. प्रत्येक कप्प्याला पांढरं चिवट आवरण, ताणायला तयार नसणारं. स्नायू चेंगरला की आत सुजतो. बाहेर फुगायला जागा नाही, मग तो स्वतःलाच आवळत जातो. आतल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही, आणि सहा-आठ तासांत स्नायू मरायला लागतो. उपाय एकच, ते आवरण लांब चिरून उघडं करायचं. गोळ्यांनी होत नाही, लेपाने होत नाही, शेकाने तर वाढतंच, आणि पाय उंच धरला की रक्त आणखीच कमी पोचतं. सगळ्यात आधी पुढचा कप्पा जातो, आणि पायाचा पंजा वर उचलतो तो याच कप्प्यातला स्नायू. तो गेला तर माणूस पाय ओढत का होईना चालेल, पण झाडावर चढणार नाही. सदू बागांमधून आंबा उतरवायला चढतो. त्याच्या घरची चूल त्याच्या पायांवर पेटते. नडगीतला हा वीतभर स्नायू त्या दिवशी तासातासाने जात होता, आणि दुपार कलायला लागली होती.

रामाकाका आत आले. बाबांचे धाकटे भाऊ, गावचे मानकरी, डोक्याला फेटा. त्यांच्या गुलालाने माखलेल्या अंगाकडे बघून मला रडूच आलं.

"काका, गाडी काढायला सांगा. आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला न्यायचं. पाय चिरावा लागेल."

"पाय चिरायचा?" काका हसलेच. "अगो, हाड मोडलेलं नाय. एक्सरे माझ्या डोळ्यांनी बघितला."

"हाडाला काही झालं नाही, काका. मांस मरतंय."

"मुका मार हाय तो. आठवड्यात काळा-निळा होऊन जाईल. आम्ही काय चिरे उचलले नाय?"

"हे बघा, आवरणात सूज मावत नाही. भाताची गोण ठासून भरली की दाणा हलतो का? तसं झालंय आत. रक्त पोचत नाही."

काका खाली बसले. म्हातारा काही मूर्ख नाही. त्यांनी सदूच्या पावलावर बोटं ठेवली, नाडी शोधली, आणि माझा हात धरून तिथे टेकवला. "ही काय उडते. रक्त पोचत नाय म्हणतेस, आणि नाडी तर चालू."

 नाडी खरंच लागत होती. मोठी रक्तवाहिनी सुरूच राहते, मिटतात त्या बारीक, हे शिकवताना माझा अर्धा तास जातो आणि शिकलेली मुलंसुद्धा तिथे चुकतात. मी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "पालखी वरच्या वाडीत आलेली हाय. दोन घरं झाली की आपल्याकडे. मग ने."

"दोन घरं म्हणजे संध्याकाळ होईल!"

"गेल्या वर्षी दारावरून गेली, राही. तुझा बाप वर बसून बघतोय."

मी सदूकडे वळले. "तू बोल. पाय तुझा आहे."

त्याचं तोंड घामाने थबथबलं होतं. "ताई गो, लय दुखतंय," तो म्हणाला. "पण शीव नाय ओलांडायचा मी. आईची पालखी आल्याशिवाय नाय."

"मी अँब्युलन्स बोलावते."

"बोलव. आली तर परत पाठवीन."

चौतिशीचा पुरुष आहे. नको म्हणाला तर त्याला काय पोत्यात घालून नेऊ? तरी मी अँब्युलन्सला फोन लावला. जवळची गाडी दुसऱ्या अपघातावर होती, वेळ लागेल म्हणाले. वाडीतल्या बाळाकडे व्हॅन होती, तर बाळा स्वतः पालखीच्या खांद्याला. मी रत्नागिरीतल्या ओळखीच्या सर्जनना फोन केला. ते म्हणाले, मॅडम, तुम्हाला सांगायला नको, लगेच आणा. लगेच! मी मागीलदारी गेले, विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि शिव्या दिल्या. काकांना, चिऱ्यांना, सदूला, आणि खोटं कशाला बोलू, देवीलासुद्धा.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मी कोणाला सांगत नाही. सदू आधी कण्हत होता, मग उशी दातात धरून होता. मी दर थोड्या वेळाने त्याची बोटं तपासायची, तो ओरडायचा, नम्रता कान झाकायची. वरच्या वाडीतून ढोल ऐकू यायचा, जरा जवळ आल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा लांब जायचा. "वन्सं, काय तरी करा ना," नम्रता म्हणायची. मी काय करू? माझ्या हातात सुरी नव्हती, आणि असती तरी मी काही सर्जन नाही. मेलेल्या देहावर शिकवणारी बाई मी. जिवंत भाऊ समोर तडफडत होता आणि मला त्याच्या पायातल्या प्रत्येक स्नायूचं नाव पाठ होतं, एवढाच माझा उपयोग.

ऊन उतरलं तेव्हा ढोल खरोखर जवळ आला. पोरं धावत आली, "आली, आली!" अंगण माणसांनी भरलं. अर्धवट चौथऱ्यावर नम्रताने पाट मांडला. सदूला दोघांनी धरून ओसरीवर आणून बसवलं. पालखी आत आली, नाचली, पाटावर टेकली. गुरवाने अंगारा घेतला आणि सदूच्या नडगीला लावला.

सदूने डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले तेव्हा त्याच्या तोंडावरचा ताण गेला होता.

"ताई," तो म्हणाला, "थांबलं गो."

"काय थांबलं?"

"दुखायचं. बघ, काय नाय आता."

अंगणात एकच गलका उठला. बायका रडायला लागल्या. काकांनी फेटा काढून पालखीपुढे लोटांगण घातलं. नम्रताने माझ्या गळ्यात हात टाकले, "वन्सं, आईने ऐकलं बघा!" आणि सदू, माझा वेडा भाऊ, खांबाला धरून उभा राहिला, दोन पावलं टाकली आणि पालखीला खांदा दिला. सगळे त्याच्या खांद्याकडे बघत होते. मी त्याच्या पावलाकडे बघत होते. पंजा वर उचलला जात नव्हता. बोटं जमिनीवर घासत होती आणि त्याला ते कळतही नव्हतं.

त्याला परत बसवलं तेव्हा मी साडीची पिन काढली. पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात टोचली, रक्ताचा थेंब येईपर्यंत. तो पालखीकडे बघून हसत होता. मी अंगठा खाली वाकवला, जोरात. तो ओरडला नाही.

दुखत नव्हतं, कारण दुखणं वर पोचवणारी नसच बंद पडत होती. इतका वेळ तो ओरडत होता तेव्हा पाय जिवंत होता. आख्खं गाव आनंदाने वेडं झालं होतं आणि मला वाटत होतं की मी इथेच डोकं आपटून घ्यावं.

आता याला कोण हलवणार? बरा झालेला माणूस इस्पितळात कशाला जाईल? मी काकांना हात जोडले. ते म्हणाले, "आता पुरे, राही. देवीच्या दारात अभद्र बोलू नको." पालखी उचलायला माणसं वाकली. पालखी गेली की सगळे तिच्यामागे जाणार, बाळासुद्धा, व्हॅनची किल्ली खिशात घेऊन.

मी पायऱ्या उतरले आणि पालखीच्या वाटेत उभी राहिले.

"अजून गाऱ्हाणं झालेलं नाही," मी म्हणाले.

"गाऱ्हाणं मी घालतो," काका म्हणाले. "बाईमाणसाने घालायची रीत नाय."

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. गाऱ्हाणं म्हणजे घराच्या वतीने देवीपुढे मोठ्याने मांडलेलं दुखणं. प्रत्येक वाक्याला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो, आणि गावाने तसं म्हटलं की ते गावाचं झालं, मग कोणी मोडत नाही. लहानपणापासून ऐकत आलेय. माझा आवाज चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो. तोच लावला.

"आई गो, गाव राखणारे माये! गेल्या वर्षी ह्या घराचा कर्ता गेला, तू दारावरून गेलीस. ह्या वर्षी तू आत आलीस!"

"व्हय म्हाराजा!" सवयच ती, लोकांच्या तोंडून निघून गेलं.

"आज सकाळी तुझ्या ह्या लेकराच्या पायावर चिरे पडले. त्याचं हाड तू शाबूत राखलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"हाडाभोवती तू मांस दिलंस. मांसाला चार कप्पे दिलेस. कप्प्यावर चिवट आवरण घातलंस, त्यात आता सूज मावत नाय!"

"व्हय म्हाराजा…" आवाज कमी झाले होते. लोक एकमेकांकडे बघत होते.

"दुखायचं थांबलं, ते बरं झालं म्हणून नाय. नस मरायला लागली म्हणून!"

'व्हय म्हाराजा' आलं नाही. "राही, गप्प बस!" काका ओरडले.  मागे वळून सदूकडे बघायची हिंमत नव्हती.

"तुझं लेकरू तुझी शीव ओलांडून रत्नागिरीला जातंय," मी म्हणाले, आणि इथे माझा आवाज फाटला. "त्याला वाट दे. त्याचा पाय राख."

 ढोलवाल्याने टिपरू खाली धरलं होतं. मी वाट बघत उभी राहिले, आणि मनात आलं, संपलं, गेला पाय.

"व्हय म्हाराजा," मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं. नम्रता होती. डोक्यावरचा पदर घट्ट धरून, काकांसमोर. मग गुरव म्हणाला. मग पालखीच्या खांद्याला असलेला बाळा म्हणाला आणि त्याने दुसऱ्याला खांदा देऊन खिशातून किल्ली काढली.

सदू काकांकडे बघत होता. काकांनी मान फिरवली. "गाऱ्हाणं झालं," ते म्हणाले. "न्या."

हायवेचं काम चालूच होतं. बाळाने व्हॅन कुठून कुठून काढली त्यालाच माहीत. सदू मागच्या सीटवर आडवा, पाय माझ्या मांडीवर, आणि अख्ख्या वाटेत म्हणत होता, "ताई, उगाच चाललोय. खरंच दुखत नाय."

सर्जन दारातच उभे होते. त्यांनी दोन्ही बाजूंनी पाय उघडला. बाहेर येऊन मला सांगितलं ते आमच्या डॉक्टरी भाषेत, मास्क खाली ओढून, हळू. मागचे कप्पे लाल, जिवंत. बाजूचाही वाचला. पुढचा स्नायू करडा पडलेला, चिमटा लावला तरी आकसला नाही, काढावा लागला. आणखी थोडा उशीर झाला असता तर गुडघ्याखालचा पाय गेला असता, मेलेल्या स्नायूच्या विषाने कदाचित मूत्रपिंडंही. म्हणाले, आणलंत हे फार चांगलं केलंत. मी तिथल्या बाकड्यावर बसून ढसाढसा रडले.

पुढे जखमेवर दोनदा कातडी लावली. शिमगा संपला, आंब्याचे ट्रक वाशीला जायला लागले, मोसम संपतही आला. सदू घरी आला तो पायाला प्लास्टिकची पट्टी लावून, पंजा लोंबू नये म्हणून. मी दर रविवारी वाडीवर जायची. पंजा वर ओढणारा कोणी उरला नाही की पोटरीचे स्नायू टाच वर खेचत जातात आणि पाऊल कायमचं टोकावर उभं राहतं. ते होऊ नये म्हणून रोज ताण द्यायचा. नम्रताला शिकवलं होतं, पण तिच्या हाताला तेवढा जोर नाही.

वाडीत काय बोलतात ते मला कळत होतं. पालखी आली तेव्हा सदू आपल्या पायावर उभा राहिला, साऱ्या गावाने बघितलं. मग बहिणीने नेऊन पाय कापवला, तेव्हापासून लंगडा. बोलोत. गावाला काय शिकवणार? सदूला कळतंय ना, एवढं मला पुरे होतं.

एका रविवारी मी त्याच्या पावलाला ताण देत होते. तो छपराकडे बघत होता.

"ताई, एक विचारू? रागावू नको."

"विचार की."

"आईने दुखायचं थांबवलं होतं. मी खांदा दिला होता. मग तू चिरायला कशाला लावलंस?"

 मी त्याला सगळं पुन्हा सांगितलं. कप्पे, आवरण, नस, ती पिन, जमिनीवर घासलेली बोटं. पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते त्याहून सोपं करून, न ओरडता. त्याने सगळं ऐकून घेतलं. सदू भांडत नाही, कधीच भांडला नाही.

"तू शिकलेली," तो म्हणाला. "तुझं खरं असेल. पण पुढल्या रविवारी येऊ नको."

मी गेले. न जाऊन कसं चाललं असतं, दोन आठवडे ताण नाही मिळाला की पाऊल हातचं जातं. नम्रताने दार उघडलं आणि बाजूला झाली. सदू माजघरात चटईवर होता. मी जवळ जाऊन खाली बसले, हात पुढे केला, आणि त्याने पाय आखडून चादरीखाली घेतला.